‘नको’ म्हणण्याचा अधिकार

‘कारागीर जगला पाहिजे’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की ते कानावर पडताच मान आपोआप डोलते. हस्तकलेच्या प्रदर्शनाचे उद्घाटन असो, सरकारी योजनेची जाहिरात असो, नाहीतर एखाद्या मंडळाचा सत्कार समारंभ असो, हे वाक्य ठरलेले. त्याला विरोध करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि ज्या वाक्याला कोणाचाच विरोध नसतो, ते जरा उलटून पालटून पाहावे, अशी मला सवय लागली आहे.

उलटून पाहिले तर या एका वाक्यात दोन वाक्ये निघतात. पहिले, ‘कारागिरी जगली पाहिजे’. दुसरे, ‘कारागिरी करणारा माणूस नीट जगला पाहिजे’. ही दोन्ही बहुधा हातात हात घालून चालतात, म्हणून त्यांच्यातला फरक आपल्या लक्षात येत नाही. पण वाट कुठेतरी फुटते. कारागिरी टिकावी म्हणून माणसाने त्याच जागी बसून राहावे लागते, किंवा माणूस उठून चांगल्या जागी गेला की कारागिरी ओस पडते. अशा वेळी आपण कोणाच्या बाजूने उभे राहायचे? कारागिरांना प्रशिक्षण द्यावे, त्यांचा माल परदेशी जावा, यासाठी जे जे चालले आहे त्याचे मोल ठरवायचे तर या प्रश्नाला बगल देता येत नाही.

आधी एक जुने उदाहरण घेऊ. आपल्या भागातल्या विहिरींवर एके काळी मोटा चालत. मोट ही कातड्याची. ती शिवायची, फाटली की सांधायची, नाडे आणि वाद्या पुरवायच्या, हे गावच्या चर्मकाराचे काम, आणि त्याबद्दल सुगीला खळ्यावरून धान्याचे बलुते. पुढे तेलावरची इंजिने आली, विजेचे पंप आले. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये आपल्या बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्यांच्याच कारखान्याचे पंप पुढे गावोगाव पोचले. मोट गेली. तिच्याबद्दल आपण हळहळलो नाही असे नाही. मोटेवरची गाणी गेली, पहाटेची ती कुरकुर गेली, म्हणून पुष्कळ लिहिले गेले. पण मोट शिवणाऱ्याचे खळ्यावरचे बलुते गेले, याबद्दल कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. आपल्या हळहळीचा रोख तेव्हापासूनच ठरलेला आहे. आपल्याला गाण्याची आठवण येते, शिवणाऱ्याची येत नाही.

आता चपलेकडे येऊ. आपल्या सीमाभागातल्या वाचकाला कोल्हापुरी चपलेची ओळख करून द्यावी लागत नाही. पण तिच्या नावामागे किती गावे उभी आहेत हे मात्र सांगावे लागते. कोल्हापूर शहरात ती विकली जाते आणि बनतेही; पण कोल्हापुरी म्हणून खपणारा फार मोठा माल अथणी, निपाणी, चिक्कोडी, रायबाग या बेळगाव जिल्ह्यातल्या गावांतून येतो. हातावर कानडी बोलणारा कारागीर, बाजारात मराठी बोलणारा व्यापारी आणि नाव कोल्हापूरचे, असा हा मामला आहे. चपलेच्या जातींची नावे ऐकली तर त्यात कापशीसारखी गावेच भेटतात.

ती बनते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. तळाला म्हशीचे जाड कातडे, वरच्या पट्ट्यांना मऊ कातडे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवायचे. कधी कातड्याचीच पिशवी शिवून, तीत हे पाणी भरून ती टांगायची, म्हणजे पाणी आतून बाहेर झिरपत राहते आणि कातड्याच्या अंगात उतरते. या कामाला मराठीत शब्द आहे, ‘कातडे कमावणे’. पूर्वी कमावण्याचे काम ढोर समाजाचे आणि चप्पल करण्याचे चर्मकारांचे, कानडीत म्हणायचे तर समगारांचे. मग रापीने कापणे, आरीने भोके पाडणे, कातड्याच्याच वादीने शिवणे. जुन्या पद्धतीच्या चपलेत खिळा नसतो. तळ कापणे आणि ठोकून बसवणे हे बहुधा पुरुषाकडे. वेणी घालणे, बारीक शिवण घालणे, पट्ट्यावरची नक्षी उठवणे हे बायकांकडे. चप्पल बघणाऱ्याची नजर जिथे ठरते ते काम बाईचे असते. तरी ‘कोणी केली?’ असे विचारले की नाव पुरुषाचे सांगतात.

‘कमावणे’ या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे. कातडे कमावले जाते, पण कमावणाऱ्याने काय कमावले? पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब मांडला तर उत्तर फारसे सुखाचे नाही. व्यापाऱ्याकडून कातड्यासाठी उचल घ्यायची, माल त्यालाच द्यायचा, भाव त्यानेच सांगायचा, आणि पावसाळ्यात खप थांबला की पुन्हा उचल. या चक्रात कारागिराचे कसब वाढत गेले, देणेही वाढत गेले.

प्रशिक्षणाची आणि निर्यातीची गोष्ट इथे सुरू होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अथणीत बंगळूरच्या ‘असेंट’ या संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या आणि केंद्राच्या चर्मविकास कार्यक्रमाच्या साहाय्याने काम हाती घेतले. त्यातून ‘टोहोल्ड’ या नावाने कारागिरांचाच एक उपक्रम उभा राहिला. त्याचा पाया स्त्रियांच्या बचतगटांवर होता. चपलांचे नवे आकार आले, मापे नीट बांधली गेली, नवी हत्यारे आली, हिशेब लिहायला शिकवले गेले, आणि माल परदेशी बाजारात गेला.

‘हजार वर्षांची कला त्यांना आता बाहेरच्यांनी शिकवायची काय?’ असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारला जातो. प्रश्नात अभिमान आहे आणि थोडे अज्ञानही. चप्पल कशी करायची हे अथणीच्या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नाही. पण परदेशी दुकानदार पाचशे जोड मागतो तेव्हा त्याला पाचशे जोड सारखे हवे असतात. एक जोड अर्ध्या बोटाने लहान आणि दुसरा मोठा असे त्याला चालत नाही. माल ठरल्या तारखेला निघाला पाहिजे. पावसाळ्यात पेटीत भरलेल्या कातड्याला बुरशी येता कामा नये. रंगात कोणते रसायन आहे हे सांगता आले पाहिजे. २०१५ पासून युरोपात घातक प्रकारच्या क्रोमियमचा अंश ठरल्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या कातडी वस्तूंना मज्जाव आहे. आणि इथे आपल्या बाभळीच्या सालीने कमावलेल्या कातड्याची बाजू भक्कम ठरते, कारण त्यात क्रोमियम वापरलेलेच नसते. पण ही बाजू भक्कम आहे हे कारागिराला माहीत नसेल, तर तिचा भाव दुसराच कोणीतरी वसूल करतो. प्रशिक्षण म्हणायचे ते हे. हाताला शिकवण्यासारखे थोडे असते, सौद्याला बसण्यासाठी शिकण्यासारखे पुष्कळ असते.

अथणीच्या त्या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निर्यातीची नव्हे. वेणी घालणाऱ्या बाईचे काम तिथे ‘काम’ म्हणून मोजले गेले. तोवर ते घरकामातच जमा होते. भाकरी थापली, पाणी भरले, मुलाला झोपवले आणि वेणी घातली, या सगळ्याची एकच रांग. गट झाला, खाते तिच्या नावाने उघडले, तेव्हा तिच्या बोटांचा पैसा प्रथमच तिच्या हाती आला. एखाद्या चपलेचा आकार परंपरेला सोडून असेल, त्यावर निळा रंगही असेल; पण त्या निळ्या चपलेमागे एका बाईचे पासबुक असेल, तर परंपरा बिघडली म्हणून गळा काढायला माझे मन धजत नाही.

मात्र परदेशी बाजार हा काही धर्मादाय नव्हे. तो लहरी आहे. हिप्पींच्या दिवसांत, १९७० च्या आसपास, आपल्या चपलांना परदेशात अशीच मागणी आली होती. लहर होती तोवर जोडामागून जोड गेले, लहर ओसरली आणि कारागीर पुन्हा पेठेतल्या उचलीकडे वळला. म्हणून ‘निर्यात वाढली’ एवढ्याने माझे समाधान होत नाही. निर्यात थांबली तेव्हा कारागिराच्या हातात काय उरले, हे मला विचारावेसे वाटते.

जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या उन्हाळी पोशाखांचे प्रदर्शन केले. त्यात मॉडेलांच्या पायात ज्या चपला होत्या त्या पाहून कोल्हापूरपासून अथणीपर्यंत एकच गलका झाला, कारण त्या आपल्याच होत्या आणि नाव मात्र कुठेच नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय परंपरेतली असल्याचे मान्य केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती जनहित याचिका फेटाळली. याचिका करणारे हे भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत धनी नव्हेत, हे त्यातले मुख्य कारण.

हे धनी कोण, हे बहुतेकांना ठाऊक नसते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते आठ जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. १९५६ पासून सीमेच्या प्रश्नावर ज्या दोन राज्यांचे एका ओळीवर एकमत झालेले नाही, २००४ पासून जे सर्वोच्च न्यायालयात समोरासमोर उभे आहेत, त्यांनी चपलेच्या नावावर एकत्र सही केली, याचे आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या माणसांना कौतुक वाटले पाहिजे. मला ते वाटते. पण नोंदणी झाली ती दोन राज्यांच्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावे. कारागिराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करायची. आणि या कायद्याने संरक्षण मिळते ते मुख्यतः नावाला. घाटाला, वेणीला, त्या करकरणाऱ्या तळाला नव्हे. नाव न घेता कोणी तशीच चप्पल केली, तर हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने याच दोन महामंडळांशी करार केल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचे, जोडाची किंमत सुमारे आठशे युरो, शिवाय तीन वर्षे इथल्या कारागिरांचे प्रशिक्षण, काहींना इटलीतल्या कंपनीच्या विद्यालयात थोडे दिवस राहून शिकण्याची संधी. मी या कराराला नाके मुरडणार नाही. चोरीच्या आरोपातून सुरू झालेली गोष्ट कामाच्या मागणीपर्यंत आली, हे वाईट नाही. पण आपल्याकडच्या दुकानात हजाराच्या आसपास मिळणारी चप्पल तिकडे आठशे युरोंना, म्हणजे ऐंशी हजारांच्या आसपास विकायची असेल, तर मधल्या रकमेत वेणी घालणाऱ्या बाईचा वाटा किती, हा प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाला आहे? मिलानच्या बातमीने जे पेटून उठले, त्यांतले बहुतेक जण हा प्रश्न विचारत नव्हते. त्यांना नाव हवे होते. सातशेच्या चपलेचे पाचशेच देतो म्हणून दुकानातून दोनदा उठून जाणारे गिऱ्हाईक, आणि तीच चप्पल परदेशी मंचावर दिसताच स्वाभिमानाने लाल होणारा नागरिक, ही पुष्कळदा एकच व्यक्ती असते.

इथपर्यंत प्रश्न पैशाचा होता. आता तो त्याहून अवघड होतो.

अथणीच्या एका वृद्ध कारागिराकडे मी एकदा बराच वेळ बसलो होतो. त्यांचा थोरला मुलगा बँकेत, धाकटा पुण्याला. रिवाजाप्रमाणे मी विचारले, “मग मामा, पुढे हे काम कोण करणार?” ते हातातली आरी न थांबवता म्हणाले, “मास्तर, तुमच्या आप्पांचं काम तुमच्या घरात आता कोण करतंय?” माझे वडील तलाठी होते. त्यांची दप्तरे लिहिण्याची एक खास मोडी-वळणाची पद्धत होती. ती आमच्या घरात कोणालाही येत नाही, आणि ती बुडाली म्हणून आमच्याकडे कधी कोणी परिषद भरवली नाही.

मामांच्या त्या प्रश्नात या सगळ्या विषयाचे मूळ आहे. वडिलांचे काम मुलाने सोडले तर आपल्या घरात त्याला प्रगती म्हणतात आणि कारागिराच्या घरात ऱ्हास म्हणतात, असे का? डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची वाटणी नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. आपल्या पुष्कळशा ‘परंपरागत’ कला याच वाटणीतून आल्या. चर्मकाराने चप्पल पत्करली ती आवडीने नव्हे. दुसरे काही करण्याची त्याला मुभा नव्हती. त्याच्या हातची चप्पल पाटलाच्या वाड्यात जायची, तो स्वतः पायरीखाली थांबायचा. आज आपण ज्याला वारसा म्हणून गौरवतो, तो त्याच्या आज्याच्या लेखी एक कोंडलेली खोली होती. त्या खोलीला नवा रंग देऊन, दिवे लावून, ‘इथेच राहा, फार सुंदर दिसतोस’ असे त्याच्या नातवाला सांगणे, याला मदत म्हणता येईल का?

आपल्या मुलखात एक कथा सांगतात. कल्याणातल्या हरळय्या नावाच्या समगाराने वाटेत बसवण्णांना ‘शरणु’ म्हणून वंदन केले. बसवण्णांनी उलट दुहेरी वंदन केले, ‘शरणु शरणार्थी’. आपल्यासारख्याला एवढा मान मिळाला, याची फेड कशी करावी या विचाराने हरळय्याने आपल्या आणि पत्नी कल्याणम्माच्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी पादत्राण केले. बसवण्णांनी ते पायात घातले नाही, मस्तकी धरले. कथा इथे थांबवली तर ती भक्तीची कथा होते, आणि आपण बहुधा इथेच थांबतो. पण पुढेही एक भाग आहे. याच हरळय्याच्या मुलाचा विवाह शरणांनी मधुवरसाच्या मुलीशी लावून दिला. मधुवरस हा जन्माने ब्राह्मण. तेव्हा मात्र कल्याण हादरले. बिज्जळ राजाने दोन्ही बापांना हाल हाल करून मारवले, आणि बाराव्या शतकातली ती सारी चळवळ उधळली गेली.

चप्पल डोक्यावर घेतलेली चालली, सोयरीक चालली नाही. आठशे वर्षांनंतरही कारागिरांच्या गौरवाच्या समारंभात मला ही कथा आठवते. वस्तूला डोक्यावर घेणे आपल्याला जमते. ती करणाऱ्याला आपल्या पंगतीला, आपल्या शाळेला, आपल्या सोयरिकीला बरोबरीने घेणे, इथे आपला हात आखडतो. मिलानचा मंच हाही शेवटी चपलेला डोक्यावर घेण्याचाच प्रकार आहे. त्यातून कारागिराचा दर्जा बदलेल की नाही, हे मंचावर ठरत नाही.

मग मदत करायची की नाही? करायची. पण तिला एक कसोटी लावायची. बराच विचार करून माझ्यापुरती मी जी कसोटी धरली आहे, ती अशी : या मदतीनंतर कारागिराला ‘नको’ म्हणता येते का?

हे ‘नको’ तीन ठिकाणी लागते. पहिले व्यापाऱ्यापाशी. ‘या भावाला देणार नाही’ असे म्हणायचे तर पावसाळ्याचे चार महिने उचलीवाचून निघाले पाहिजेत. म्हणजे गट, बचत, स्वतःचे कातडे विकत घेण्याची ऐपत हवी. २०१५ मध्ये महाराष्ट्रात आणि २०२१ मध्ये कर्नाटकात गोवंशाच्या कत्तलीचे कायदे कडक झाल्यानंतर कच्च्या मालाची चणचण अधिकच जाणवू लागली. अशा वेळी कातडे ज्याच्या हाती, शब्द त्याचाच. दुसरे ‘नको’ गिऱ्हाईकापाशी आणि नक्षी ठरवणाऱ्यापाशी. ‘हा घाट माझ्या हाताचा नाही, मी करणार नाही’ किंवा ‘माझे नाव लावल्याशिवाय देणार नाही’ असे म्हणता आले पाहिजे. त्यासाठी परदेशी पत्र वाचता यावे, कराराची कलमे समजावीत, आपल्या मालाचा तिकडचा भाव माहीत असावा. खरे प्रशिक्षण ते.

तिसरे ‘नको’ सर्वांत अवघड, कारण ते आपल्याला रुचत नाही. कारागिराच्या मुलाला किंवा मुलीला त्या कामालाच ‘नको’ म्हणता आले पाहिजे. शाळा, शिष्यवृत्ती, नोकरी, शहर, या वाटा त्याच्यासाठी जेवढ्या मोकळ्या असतील तेवढे त्याचे त्या कामावर बसणे खरे. ज्याला ‘नको’ म्हणण्याची सोय नाही, त्याच्या ‘हो’ला नैतिक मोल ते काय?

यावर उत्तर येते की असे केले तर सगळेच निघून जातील आणि कला मरेल. मला तशी खात्री वाटत नाही. इंदूर-महेश्वरकडच्या वाचकांना रेवा सोसायटीची गोष्ट परिचयाची असेल. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात महेश्वरला विणकर वसवले. पुढे ते विणकाम मोडकळीला आले. १९७९ मध्ये रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी स्त्रियांच्या हाती माग देऊन ही संस्था उभी केली. मुलांची शाळा, राहायला घरे, हेही त्याच कामात धरले गेले. तिथे माग वाचला तो कोणाला मागाशी बांधून नव्हे. मागावर बसणाऱ्या बाईचे जिणे सुधारल्यामुळे तिला तिथे बसावेसे वाटले. जन्माने आलेले काम निवडीचे झाले की ते करणारे हात थोडे होतील, पण ते हात मोकळे असतील. आणि चप्पल करण्याचे काम खरोखरच कला असेल, तर ते शिकायला इतर घरांतली मुलेही यायला हवीत. आपल्या घरातल्या मुलाने रापी हातात धरली तर आपल्याला अभिमान वाटेल काय? या प्रश्नाला आपण जे उत्तर मनातल्या मनात देतो, तेच या कलेबद्दलचे आपले खरे मत.

आणि एवढे करूनही एखादी कला गेलीच तर? मोट गेली तशी गेली तर? मला दुःख होईल. बाभळीच्या सालीचा तो उग्र वास, नव्या चपलेची ती दुखरी ओळख आणि आठवड्याने पायाशी जुळलेली तिची मैत्री, हे नाहीसे झाले तर आपल्या जगण्यातले काही कमी होईल यात शंका नाही. पण ते दुःख आपले. त्याची भरपाई कारागिराच्या नातवाकडून मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. ती कला आपल्याला इतकी हवी असेल तर तिची किंमत आपण मोजावी. दुकानात पाचशेचा हट्ट सोडावा, चप्पल कोणत्या गावची आणि कोणाच्या हातची हे विचारावे, त्यातला किती भाग करणाऱ्याला पोचतो हेही विचारावे. दुकानदाराला हे माहीत नसेल. पण गिऱ्हाइके वारंवार विचारू लागली की त्याला ते माहीत करून घ्यावे लागेल.

‘कारागीर जगला पाहिजे’ या वाक्याला मी अजूनही मान डोलावतो. फक्त त्यात माझ्यापुरते दोन शब्द वाढवले आहेत. कारागीर त्याच्या मर्जीने जगला पाहिजे. त्याच्या मर्जीने आपल्यासाठी चप्पल केली, तर ती आपण किंमत देऊन, नाव घेऊन घालावी. त्याच्या मर्जीने केली नाही, तर त्याला रामराम म्हणावे, शरणु शरणार्थी म्हणावे, आणि आपल्या पायाची सोय आपण पाहावी.